यजमानांचे घर : ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील ‘फर्स्ट नेशन्स हाउस ऑफ लर्निंग’

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर शहराच्या टोकाला पॉइंट ग्रे नावाचे भूशिर आहे. तीन बाजूंनी पाणी, वर दाट झाडी आणि त्या झाडीत वसलेले ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ. १९०८ च्या कायद्याने या विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९१५ मध्ये वर्ग सुरू झाले. पॉइंट ग्रेवरचे बांधकाम मात्र पहिल्या महायुद्धामुळे रखडले. १९२२ च्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांनीच मोर्चा काढून सरकारला जागे केले आणि १९२५ मध्ये विद्यापीठ आजच्या जागी आले. हा मोर्चा विद्यापीठ अभिमानाने सांगत आले आहे. पण ती जागा मुळात कोणाची, हा प्रश्न विद्यापीठाने कितीतरी उशिरा विचारला.

जागा मस्क्वियम या आदिवासी लोकांची. त्यांनी ती तह करून दिली नाही, विकली नाही आणि युद्धात गमावलीही नाही. फ्रेझर नदीच्या मुखाशी, विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर, मस्क्वियमांची वस्ती आजही नांदती आहे. पहिली कित्येक दशके त्या वस्तीतली मुले मात्र विद्यापीठाच्या वर्गात जवळजवळ नव्हतीच.

आदिवासी शिक्षणाला वाहिलेल्या या स्मरणिकेत ‘फर्स्ट नेशन्स हाउस ऑफ लर्निंग’ या संस्थेचा इतिहास सांगताना सुरुवात जमिनीपासून केली, त्याला कारण आहे. आदिवासी मुलांना प्रवेश दिला की विद्यापीठाचे कर्तव्य संपते, असा समज सर्वत्र आहे. या संस्थेने तो समज मोडून काढला. मुलांना आत घ्यायचे तर विद्यापीठाने स्वतः बदलले पाहिजे आणि तो बदल घडवायला आदिवासींच्या स्वतःच्या ताब्यातली एक जागा विद्यापीठात असली पाहिजे, हे तिचे सांगणे आहे. ते तिने इमारतीतून, ग्रंथालयातून, भाषेच्या वर्गातून आणि संशोधनाच्या नियमांतून करून दाखवले.

कायद्याने लावलेले दार

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दोनशेच्या आसपास फर्स्ट नेशन्स, म्हणजे आदिवासी राष्ट्रे, आहेत. त्यांच्या भाषा तीसहून अधिक. किनाऱ्यावर मासेमारी आणि सीडरच्या लाकडावर उभी राहिलेली संस्कृती, डोंगरापलीकडे कोरड्या खोऱ्यांतली वेगळी राहणी. प्रत्येक राष्ट्राची स्वतःची न्यायव्यवस्था, वंशावळी, गाणी आणि ती शिकवण्याच्या रीती होत्या. ज्ञान होते, ते देण्याची व्यवस्थाही होती. कॅनडाच्या सरकारने कायद्याच्या बळावर ती व्यवस्था उखडायला घेतली.

१८७६ च्या इंडियन ॲक्टमध्ये एक कलम होते : विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या, वकील किंवा धर्मोपदेशक होणाऱ्या माणसाचा ‘इंडियन’ हा कायदेशीर दर्जा जाई. म्हणजे शिकायचे असेल तर आधी आपल्या लोकांपासून तुटायचे. पुढे कायदा बदलत गेला, पण उच्च शिक्षण म्हणजे आपले माणूस गमावणे ही धास्ती घराघरांत राहिली. १८८५ पासून पोटलॅच या समारंभावर बंदी आली. किनाऱ्यावरच्या राष्ट्रांची नावे, हक्क आणि नाती याच समारंभात सर्वांसमक्ष नोंदवली जात. १९२७ पासून जमिनीच्या दाव्यासाठी निधी गोळा करणे हाही गुन्हा ठरला. या दोन्ही बंदी १९५१ पर्यंत टिकल्या.

सर्वांत खोल घाव निवासी शाळांचा होता. सरकारचा पैसा आणि चर्चची व्यवस्था, अशा १३० हून अधिक शाळांत देशभरातली सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून ठेवली गेली. तिथे मातृभाषा बोलली की शिक्षा होई. उपासमार, आजार आणि अत्याचार यांत हजारो मुले दगावली. शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. ज्या समाजाने ‘शाळा’ या नावाखाली हे भोगले, त्याच्याकडे विद्यापीठ गेले तेव्हा त्याला काय ऐकून घ्यावे लागले असेल, याचा अंदाज करता येतो.

तरीही काही जण या दारातून आत शिरले. निस्गा राष्ट्राचे फ्रँक काल्डर यांनी १९४६ मध्ये विद्यापीठाच्या आवारातल्या अँग्लिकन थिऑलॉजिकल कॉलेजातून शिक्षण पुरे केले आणि १९४९ मध्ये ते प्रांताच्या विधिमंडळात निवडून आले. त्यांच्या नावाने लढलेल्या जमिनीच्या खटल्यात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. खटला तांत्रिक मुद्द्यावर गेला, पण वसाहतवाले येण्याआधीपासून जमिनीवर आदिवासींचा हक्क होता, ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली. ग्लोरिया क्रॅनमर वेब्स्टर १९५६ मध्ये मानववंशशास्त्रात पदवीधर झाल्या. आल्फ्रेड स्को १९६१ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले आणि पुढे न्यायाधीश. ही माणसे मोठी होती, पण एकेकटी होती. विद्यापीठात आदिवासींच्या वस्तूंचे संग्रहालय १९४० च्या दशकाच्या अखेरीसच उभे राहिले होते. त्या वस्तू घडवणाऱ्यांच्या नातवंडांसाठी मात्र तोवर काहीच नव्हते.

सुरुवात शिक्षकांपासून

१९७२ मध्ये नॅशनल इंडियन ब्रदरहूड या देशव्यापी संघटनेने ‘इंडियन कंट्रोल ऑफ इंडियन एज्युकेशन’ हे धोरणपत्र सरकारला सादर केले. आमच्या मुलांच्या शिक्षणाचे निर्णय आईबाप आणि स्थानिक समाज घेईल, ही त्यातली मागणी. पण निर्णय हाती आले तरी शिकवणार कोण? प्रांतातल्या हजारो शिक्षकांत आदिवासी शिक्षक बोटांवर मोजण्याइतके होते.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९७४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ‘नेटिव्ह इंडियन टीचर एज्युकेशन प्रोग्रॅम’ सुरू झाला. सगळे त्याला नायटेप म्हणतात. नायटेपची रचना त्या काळी विद्यापीठाच्या सवयीत बसणारी नव्हती. विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून व्हँकुव्हरला येऊन राहायचे, हा हट्ट तिने सोडला. प्रांतात ठिकठिकाणी केंद्रे उघडली. पहिली वर्षे विद्यार्थी घराजवळच्या केंद्रात शिकत, तिथल्याच शाळांत पाठ घेत आणि उरलेली वर्षे मुख्य आवारात पुरी करत. विद्यार्थ्यांत संसारी बायाबापड्या बऱ्याच होत्या. मुले, शेत, म्हातारे आईबाप सोडून शहरात येणे त्यांना शक्य नव्हते. विद्यापीठच निम्मी वाट चालून त्यांच्या गावाकडे गेले. अर्हता मात्र तीच, पदवीही तीच. दर्जा खाली आणून दिलेली पदवी कोणालाच नको होती.

नायटेप उभी करणाऱ्यांत निकोला खोऱ्यातल्या न्लाकापमुख राष्ट्राचे रॉबर्ट स्टर्लिंग यांचे नाव आदराने घ्यावे लागते. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, विधी विद्याशाखेत आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. काल्डर खटल्यानंतर जमिनीचे दावे न्यायालयात उभे राहणार, हे दिसत होते. ते लढायला आपले वकील हवे होते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी नायटेपची सूत्रे व्हर्ना कर्कनेस यांच्याकडे आली. या संस्थेच्या इतिहासाचा मध्यबिंदू त्याच. कर्कनेस क्री राष्ट्राच्या, मॅनिटोबा प्रांतातल्या फिशर रिव्हर वस्तीत १९३५ मध्ये जन्मलेल्या. शाळामास्तरीण म्हणून त्यांनी नोकरीला सुरुवात केली, निवासी शाळेची व्यवस्था आतून पाहिली आणि १९७२ च्या धोरणपत्राच्या कामात त्या होत्या. विद्यापीठात आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की शिक्षक तयार होत आहेत, पण मुख्याध्यापक, शिक्षणाधिकारी आणि अभ्यासक्रम ठरवणारे तयार होत नाहीत. त्यातून १९८४ मध्ये ‘त्स्केल’ हा पदव्युत्तर कार्यक्रम निघाला आणि शैक्षणिक प्रशासनात आदिवासी विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली.

१९८७ : संस्थेची स्थापना

शिक्षणशास्त्रात आणि कायद्यात वाट पडली. पण जंगलशास्त्र, वैद्यक, व्यवस्थापन, अभियांत्रिकी या शाखांचे काय? जंगल, मासे आणि आरोग्य हे तर आदिवासी वस्त्यांचे रोजचे प्रश्न. एकेका विद्याशाखेत एकेक कार्यक्रम मागत बसण्यापेक्षा सगळ्या विद्यापीठाला हलवणारी संस्था हवी, हा कर्कनेस यांचा आग्रह होता. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष डेव्हिड स्ट्रँगवे यांनी तो मानला आणि १९८७ मध्ये ‘फर्स्ट नेशन्स हाउस ऑफ लर्निंग’ स्थापन झाले. पहिल्या संचालक अर्थात कर्कनेस.

ही संस्था म्हणजे आणखी एक विभाग नव्हे. तिच्याकडे दोन कामे होती. विद्यापीठाजवळ जे काही आहे ते प्रांतातल्या आदिवासी समाजांच्या हाताशी आणायचे आणि त्या समाजांच्या गरजा ओळखून वागण्याची क्षमता विद्यापीठात निर्माण करायची. पहिले काम विद्यार्थ्यांसाठी, दुसरे खुद्द विद्यापीठासाठी. अध्यक्षांच्या कार्यालयाशी थेट संबंध असल्यामुळे कोणत्याही विद्याशाखेचे दार ठोठावण्याचा अधिकार संस्थेला मिळाला.

या काळातला वैचारिक वारसा म्हणजे कर्कनेस आणि अलास्कातले शिक्षणतज्ज्ञ रे बार्नहार्ट यांचा १९९१ मधला लेख. आदिवासी विद्यार्थी विद्यापीठ मध्येच सोडतात, त्याचे कारण विद्यार्थ्यांत शोधण्याची तेव्हा रीत होती : तयारी कमी, चिकाटी कमी, घरचे वातावरण नाही. या दोघांनी तपासणीची दिशाच उलटी केली. विद्यार्थी कोण आहे याचा विद्यापीठ आदर करते का? जे शिकवते ते त्याच्या समाजाला उपयोगी आहे का? शिकवताना विद्यापीठ त्याच्याकडून काही शिकते का? आणि मिळालेल्या ज्ञानातून आपल्या लोकांसाठी जबाबदारी पेलण्याची संधी त्याला देते का? आदर, प्रस्तुतता, परस्परता आणि जबाबदारी या चार कसोट्या आज जगभरच्या आदिवासी शिक्षणविषयक लिखाणात भेटतात. त्यांचा जन्म या कामातून झाला. त्या मांडणाऱ्या कर्कनेस स्वतः विद्यार्थ्यांसोबत काम करत होत्या, म्हणूनच त्या कसोट्या हवेतल्या नाहीत.

घर उभे राहते

संस्थेला नाव मिळाले, जागा मात्र जुन्या बैठ्या बांधकामांतलीच होती. विखुरलेले विद्यार्थी, विखुरलेली कार्यालये. कर्कनेस यांनी ठरवले, की आपले घर आपल्या रीतीचे असेल. त्यासाठी त्यांनी देणग्या उभ्या केल्या. व्हँकुव्हरचे उद्योजक जॅक बेल यांनी मोठी रक्कम दिली, विद्यापीठाच्या निधी मोहिमेची जोड मिळाली आणि वास्तुविशारद लॅरी मॅकफार्लंड यांच्याकडे काम सोपवले गेले. आराखड्यात वडीलधाऱ्यांचा शब्द महत्त्वाचा होता.

मे १९९३ मध्ये हे लाँगहाउस खुले झाले. किनाऱ्यावरच्या सॅलिश लोकांच्या मोठ्या घरांची ही रीत : सीडरचे अखंड, जाडजूड ओंडके, त्यांवर लांबलचक तुळया, मध्ये सगळा कुटुंबकबिला मावेल असा एकच विशाल दालनाचा पसारा. इथल्या मुख्य सभागृहाला स्टाय-वेट-टॅन हे मस्क्वियमांच्या भाषेतले नाव आहे. त्यातले कोरीव खांब आणि तुळया वेगवेगळ्या राष्ट्रांच्या कलाकारांनी घडवल्या. प्रत्येक राष्ट्राची कोरण्याची शैली वेगळी, त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या विद्यार्थ्यालाही आपल्या घरची खूण सापडते. सभागृहाशेजारी स्वयंपाकघर, वडीलधाऱ्यांसाठी खोली, विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची जागा आणि लहान मुलांचे पाळणाघर. विद्यापीठाच्या इमारतीत स्वयंपाकघर आणि पाळणाघर आधी आखले जाते, यातच या संस्थेची विद्यार्थ्याविषयीची समज दिसते. इथे शिकायला येणारा माणूस एकटा येत नाही, घर घेऊन येतो.

वडीलधाऱ्यांत तिघांची नावे घ्यावीच लागतील : मस्क्वियमचे व्हिन्सेंट स्टोगन, स्क्वामिश राष्ट्राचे प्रमुख सायमन बेकर आणि हैडा राष्ट्राच्या मिनी क्रॉफ्ट. स्टोगन यांनी संस्थेला एक रीत दिली. कार्यक्रमाच्या आरंभी सगळे गोल करून उभे राहतात. डावा तळहात वर, उजवा खाली आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात धरायचा. डाव्या हाताने पूर्वजांकडून आलेले घ्यायचे, उजव्या हाताने पुढच्यांना द्यायचे. कुलगुरूंच्या दर्जाचा अधिकारी असो की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, त्या गोलात जागा सारखीच. आल्या-गेल्याला संस्थेचे उद्दिष्ट समजावून सांगायला याहून वेगळे भाषण लागले नाही.

कर्कनेस १९९३ मध्ये निवृत्त झाल्या आणि स्टोलो राष्ट्राच्या जो-ॲन आर्चिबाल्ड यांनी संचालकपद सांभाळले. आजीआजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी या केवळ करमणूक नसून शिकवण्याची पूर्ण विकसित पद्धत आहे, हे त्यांनी वडीलधाऱ्यांच्या सोबतीने वर्षानुवर्षे काम करून सिद्ध केले. ‘इंडिजिनस स्टोरीवर्क’ हा त्यांचा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गोष्ट कोणाची, ती सांगायची परवानगी कोणाची, कोणत्या ऋतूत सांगायची आणि ऐकणाऱ्याने अर्थ स्वतः शोधायला किती मोकळीक द्यायची, याचे नियम त्यांनी विद्यापीठाच्या भाषेत मांडले.

पुस्तकांची मांडणी

लाँगहाउसच्या शेजारी एक गोल इमारत आहे. अर्धी जमिनीत, अर्धी वर. डोंगरापलीकडच्या सॅलिश लोकांच्या हिवाळी घरांचा हा आकार. किनाऱ्याचे लाँगहाउस आणि आतल्या प्रदेशाचे जमिनीतले घर अशी दोन्ही शेजारी नांदतात. या गोल घरात श्वेइश्वा ग्रंथालय आहे. त्याला नाव सायमन बेकर यांनी दिले.

ग्रंथालयाचे मूळ नायटेपच्या विद्यार्थ्यांसाठी गोळा केलेल्या पुस्तकांच्या छोट्या संग्रहात आहे. त्याला आकार दिला वेत्सुवेतेन राष्ट्राशी नाते सांगणाऱ्या ग्रंथपाल जीन जोसेफ यांनी. त्यांच्यापुढचा प्रश्न बाहेरून किरकोळ दिसतो : पुस्तके कपाटात लावायची कशी?

उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत लायब्ररी ऑफ काँग्रेसची वर्गीकरण पद्धत चालते. तीत आदिवासींविषयीची पुस्तके अमेरिकेच्या इतिहासाच्या वर्गात, ‘इंडियन्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ या मथळ्याखाली जातात. जिवंत माणसांचा कायदा, आरोग्य, काव्य, शाळा, सगळे इतिहासाच्या कप्प्यात. शिवाय राष्ट्रांची नावे वर्णानुक्रमे, म्हणजे शेकडो कोस दूरचे शेजारी होतात आणि नदीच्या दोन काठांवरचे सोयरे वेगळ्या फळ्यांवर जातात.

काहनावाके इथले मोहॉक ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी १९७० च्या दशकात नॅशनल इंडियन ब्रदरहूडच्या ग्रंथालयासाठी वेगळी पद्धत तयार केली होती. जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ब्रिटिश कोलंबियाच्या मातीत रुजवले. श्वेइश्वात राष्ट्रे त्यांच्या भूगोलानुसार आणि परस्परसंबंधांनुसार लावलेली आहेत. जे शेजारी आहेत ते फळीवरही शेजारी. राष्ट्रांची नावे त्यांनी स्वतःला दिलेली. विषयांचे मथळेही इथे घडवलेले आहेत. हैडा राष्ट्रातल्या मुलीला आपल्या गावाचे पुस्तक शोधताना ‘इतिहासजमा’ झालेल्या लोकांच्या कपाटापर्यंत जावे लागत नाही. २००५ मध्ये श्वेइश्वा विद्यापीठाच्या ग्रंथालय व्यवस्थेची अधिकृत शाखा झाले आणि वर्गीकरण कायम राहिले. मोठ्या व्यवस्थेत सामील होऊनही आपली मांडणी सोडायची नाही, हा संस्थेच्या इतिहासातला एक शांत पण ठाम विजय आहे.

भाषा : यजमानांची

ज्या जमिनीवर विद्यापीठ उभे, त्या जमिनीची भाषा विद्यापीठात शिकवली जात नव्हती. १९९७ मध्ये मस्क्वियम आणि विद्यापीठ यांनी मिळून हुन्कुमीनुम भाषेचे वर्ग सुरू केले. भाषाशास्त्रज्ञ पॅट्रिशिया शॉ यांनी विद्यापीठाच्या बाजूने पुढाकार घेतला. अट स्पष्ट होती : भाषा मस्क्वियमची, तिच्याविषयीचे निर्णय मस्क्वियमचे. वर्ग वस्तीवरच भरवले गेले. विद्यापीठाचे विद्यार्थी आणि वस्तीतले रहिवासी एकाच बाकावर बसून धडे गिरवू लागले.

या वर्गांतून पुढे आलेले वडीलधारे म्हणजे लॅरी ग्रँट. आई मस्क्वियम, वडील चिनी. गोदीवर कष्टाची नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या कानावर लहानपणी घरची भाषा पडलेली होती. उतारवयात त्यांनी ती पुन्हा हाती धरली, शिकली आणि शिकवायला घेतली. ते हाउस ऑफ लर्निंगचे निवासी ज्येष्ठ झाले आणि विद्यापीठाच्या भाषा कार्यक्रमात प्राध्यापकाच्या मानाने शिकवू लागले. ज्या ज्ञानाला पदवीचा कागद नव्हता, त्याला विद्यापीठाने व्यासपीठ दिले, हा बदल छोटा नाही.

भाषा मग वर्गाबाहेरही आली. मस्क्वियमांच्या अनुमतीने नव्या वसतिगृहांना त्यांच्या स्थळांची नावे दिली गेली आणि २०१८ मध्ये आवारातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीसोबत हुन्कुमीनुम झळकू लागली. ओकानागन खोऱ्यातले विद्यापीठाचे दुसरे आवार सिल्ख राष्ट्राच्या भूमीवर आहे. तिथे एनाउकिन सेंटरसारख्या आदिवासी संस्थांच्या भागीदारीत एन्सिल्ख्चिन भाषेत ओघवते बोलता येईपर्यंत नेणारी पदवी सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची पहिली तुकडी बाहेर पडली. घरी बोलणारी पिढी विरळ होत चालली असताना ती भाषा बोलणारे तरुण पदवीधर तयार होणे, याची किंमत ज्यांच्या घरातली बोली मावळली आहे त्यांनाच कळेल.

संशोधन कोणासाठी?

अध्यापनात रुजलेला विचार संशोधनात पोचायला वेळ लागला आणि त्यामागे एक कटू धडा आहे. १९८० च्या दशकात या विद्यापीठातल्या एका संशोधकाने व्हँकुव्हर बेटावरच्या नूचानुल्थ लोकांचे रक्ताचे नमुने घेतले. संधिवात त्यांच्यात इतका का, हे शोधायचे म्हणून लोकांनी विश्वासाने हात पुढे केला. एकूण ८८३ नमुने. संधिवाताचे उत्तर मिळाले नाही. संशोधक दुसऱ्या विद्यापीठांत गेले, नमुनेही सोबत गेले आणि लोकांना न विचारता मानवी वंशाच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले. वर्षानुवर्षांनी वस्तीला हे कळले तेव्हा संताप उसळला. २००४ मध्ये नमुने परत आणले गेले.

या प्रकरणाने कॅनडाभर एकच प्रश्न विचारला : माहिती कोणाची? देशातल्या संशोधन निधी संस्थांनी २०१० मध्ये नीतिनियम नव्याने केले तेव्हा आदिवासी समाजांशी संबंधित संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण घातले. विषय ठरवताना समाजाला सोबत घ्यायचे, माहितीच्या वापराविषयी करार करायचा आणि निष्कर्ष आधी समाजापुढे ठेवायचे, ही त्याची दिशा. हाउस ऑफ लर्निंगने परस्परता आणि जबाबदारी हे शब्द १९९१ पासून लावून धरले होते. आता ते नियम झाले. विद्यापीठातही समाज आणि संशोधक यांच्यात दुवा म्हणून काम करणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. प्रश्न वस्तीकडून यावा आणि विद्यापीठाने त्यासाठी माणसे शोधावीत, अशी कामाची उलटी चाल तिथे रूढ होत आहे.

वैद्यक शाखेतला बदलही याच विचारातून आला. २००२ पासून आदिवासी विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी स्वतंत्र प्रक्रिया आहे. मुलाखतीत आदिवासी समाजाचे प्रतिनिधी बसतात. त्यातून बाहेर पडलेले डॉक्टर आज दूरच्या वस्त्यांत काम करत आहेत.

माफी आणि त्यानंतर

निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या ‘ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन’ची राष्ट्रीय सभा सप्टेंबर २०१३ मध्ये व्हँकुव्हरला भरली. १८ सप्टेंबरला विद्यापीठाने वर्ग बंद ठेवले. सुट्टी म्हणून नव्हे, तर विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जाऊन शाळांतून वाचलेल्यांचे बोलणे ऐकावे म्हणून. आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशींसह अहवाल दिला.

१ एप्रिल २०१७ रोजी आवारात हैडा कलाकार आणि प्रमुख जेम्स हार्ट यांनी घडवलेला सलोख्याचा स्तंभ उभा राहिला. सुमारे आठशे वर्षांच्या लाल सीडरच्या खोडातून कोरलेला, ५५ फूट उंच. खाली शाळांपूर्वीचे जग, मध्ये शाळेची इमारत आणि मुले, वर पुन्हा उभे राहणारे कुटुंब. मधल्या भागात हजारो तांब्याचे खिळे ठोकले आहेत, शाळांत मेलेल्या मुलांसाठी. ते ठोकायला शाळांतून वाचलेली माणसे, त्यांची मुलेनातवंडे आणि शाळकरी मुलेही आली होती.

एका वर्षाने, ९ एप्रिल २०१८ रोजी, निवासी शाळांच्या इतिहासाला वाहिलेले केंद्र विद्यापीठात उघडले. त्या समारंभात अध्यक्ष सांता ओनो यांनी विद्यापीठाच्या वतीने माफी मागितली. विद्यापीठाने शाळा चालवल्या नव्हत्या, पण त्या चालवणारे अधिकारी आणि शिक्षक घडवले होते आणि आदिवासींना उच्च शिक्षणाबाहेर ठेवणारी व्यवस्था मुकाट्याने मान्य केली होती. २०२० मध्ये विद्यापीठाने आदिवासींच्या मानवी हक्कांचे तत्त्व केंद्रस्थानी ठेवून नवा धोरण आराखडा जाहीर केला. विद्याशाखांनी काय करायचे, कोणाशी बोलून करायचे आणि त्याचा जाब कोणी द्यायचा, हे त्यात मांडले आहे.

ऋणनिर्देश आणि पुढचे काम

संस्थेच्या या वाटचालीत मान द्यायचा तो आधी मस्क्वियम लोकांना. आपल्या जमिनीवर न विचारता उभ्या राहिलेल्या विद्यापीठाशी त्यांनी संवाद तोडला नाही. २००६ मध्ये दोघांत रीतसर सहकार्य करार झाला. २००८ मध्ये प्रांत सरकारशी झालेल्या करारातून विद्यापीठालगतची काही जमीन त्यांच्याकडे परत आली. पण मूळ प्रश्न मिटलेला नाही आणि संस्था तसे भासवतही नाही. दुसरा मान वडीलधाऱ्यांना. त्यांनी स्वतः भोगलेल्या शाळांनंतरही नातवंडांना विद्यापीठात पाठवले आणि त्यांच्यासोबत स्वतः येऊन बसले. तिसरा मान नायटेपच्या पहिल्या तुकड्यांना. घर, मुले आणि पुस्तके एकत्र सांभाळून त्यांनी पदव्या घेतल्या, गावी परतल्या आणि आपल्या शाळा चालवल्या.

पुढचे काम मोठे आहे. भाषेचे बहुतेक वर्ग आजही थोड्याच माणसांच्या खांद्यावर आहेत. दूरच्या वस्तीतून येणाऱ्या मुलाला व्हँकुव्हरचे भाडे परवडत नाही. अभ्यासक्रमात एखादे प्रकरण जोडले म्हणजे काम झाले, असे मानणारे विभागही असतीलच. या सगळ्याला कर्कनेस यांची जुनी कसोटी लागू आहे आणि ती फक्त या विद्यापीठासाठी नाही. आदिवासी भागात किंवा आदिवासी विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने ती स्वतःला लावून पाहावी : विद्यार्थ्याने बदलावे म्हणून आपण किती नियम केले आणि आपण बदलावे म्हणून किती? हाउस ऑफ लर्निंगने दुसऱ्या यादीत भर घालण्याचे काम चालवले आहे. ते तसेच पुढे जावो आणि आपल्याकडच्या विद्यापीठांनी त्यातून मनापासून शिकावे, ही सदिच्छा.